सिम्युलेटर: आभासी यंत्राचं माहेर

ऑक्टोबर १९९७. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या सेंट मालो या जुन्या तटबंदीच्या गावात ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्यांची परिषद भरली होती. तिथे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एदुआर ब्युन्यों, स्कॉट डिव्हाइन आणि मेंडेल रोझेनब्लम या तिघांचा निबंध होता. विषय होता ‘डिस्को’. एकाच मोठ्या यंत्रावर आयरिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अनेक प्रती एकाच वेळी चालवायच्या आणि प्रत्येकीला वाटलं पाहिजे की सगळं यंत्र आपल्या एकटीचंच आहे, असा तो खटाटोप. यापायी यंत्रावर पडणारा जादा भार ३ ते १६ टक्के, असे मोजलेले आकडेही निबंधात होते. गंमत एवढीच, की ज्या ‘फ्लॅश’ नावाच्या यंत्रासाठी हे सगळं मांडलं होतं ते यंत्र तेव्हा तयारच नव्हतं.

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं कुणी म्हणालं असतं. पण प्रोसेसर बनवणाऱ्यांच्या धंद्यात हीच रीत आहे. चिप ओतायला अफाट पैसा लागतो, म्हणून ती ओतण्याआधी कागदावरच्या चिपवर प्रोग्राम चालवून बघायचे. त्यासाठी लागतो सिम्युलेटर, म्हणजे अजून जन्माला न आलेल्या यंत्राची सॉफ्टवेअरमधली हुबेहूब नक्कल. डिस्कोचे आकडे ‘सिमओएस’ नावाच्या सिम्युलेटरवर काढलेले होते आणि तो सिम्युलेटरही रोझेनब्लम यांच्याच गटाने लिहिला होता.

सिम्युलेटर आणि आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, यांची बाहेरच्या माणसाकडून गल्लत होते आणि ती होणं साहजिक आहे. दोन्हींत एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक असल्याचा भास उभा केलेला असतो. फरक आहे तो हेतूत. सिम्युलेटर हा कीर्द लिहिणारा कारकून. नकली प्रोसेसरची एकेक आज्ञा तो वाचणार, ती किती वेळ खाईल, तिला लागणारी माहिती जवळच्या कॅशमध्ये सापडेल की लांबच्या मेमरीतून आणावी लागेल, हे सगळं टिपून ठेवणार. आभासी यंत्राला या जमाखर्चात रस नाही. ते पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमला खऱ्या प्रोसेसरवर मोकळं सोडतं आणि तिने घरमालकाच्या तिजोरीकडे हात नेला, तरच तिचं मनगट धरतं.

या कारकुनीची किंमत वेळेत मोजावी लागते. बारकाईने हिशेब ठेवणारा सिम्युलेटर सेकंदाला लाखभर आज्ञांच्या आसपास घुटमळतो, तर खरा प्रोसेसर सेकंदाला तीन अब्ज आज्ञा सहज उरकतो. म्हणजे खऱ्या यंत्राच्या एका सेकंदाला सिम्युलेटरमध्ये आठ तासांहून अधिक वेळ लागतो आणि एका मिनिटाला जवळजवळ तीन आठवडे. लिनक्स सुरू होऊन लॉगिनची ओळ दिसेपर्यंतच संशोधकाचा महिना संपायचा. ज्याचा अभ्यास करायचा तो प्रोग्राम अजून सुरूही झालेला नसतो.

हे दुखणं संगणकाइतकंच जुनं आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजचा एडसॅक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला आणि पाठोपाठ लक्षात आलं, की माणसं प्रोग्राम लिहिताना चुका करतात, पुष्कळ करतात. स्टॅन्ले गिल या तिथल्या तरुण संशोधकाने त्यावर एक तोडगा काढला. तपासायचा प्रोग्राम यंत्राला थेट चालवू द्यायचाच नाही. दुसऱ्या एका प्रोग्रामने त्याची एकेक आज्ञा उचलायची, तिचं काम स्वतः करायचं, काय केलं ते छापायचं आणि मग पुढच्या आज्ञेकडे वळायचं. १९५१मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात गिल यांनी हे प्रसिद्ध केलं. एका यंत्राने स्वतःचीच नक्कल सावकाश करत स्वतःकडे पाहणं, हा सिम्युलेटरचा गाभा त्यात पुरता आलेला आहे. संथपणाही आलेला आहे.

पुढचा धागा दुसऱ्या केंब्रिजमध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये सापडतो. तिथे टेक्नॉलॉजी स्क्वेअरमधल्या ५४५ क्रमांकाच्या इमारतीत आयबीएमचं एक छोटं वैज्ञानिक केंद्र होतं. १९६४च्या अखेरीस रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी तिथे ठरवलं, की एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटण्यापेक्षा प्रत्येकाला यंत्रच वाटावं, अर्थात खोटं. सिस्टिम ३६०च्या मॉडेल ४०मध्ये थोडी फिरवाफिरव करून त्यांनी ‘सीपी-४०’ उभं केलं आणि जानेवारी १९६७मध्ये ते रोजच्या कामाला जुंपलं. चौदापर्यंत आभासी यंत्रं, प्रत्येकाला २५६ किलोबाइट मेमरी. आज हातातल्या फोनमधल्या एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही, पण तेव्हा ती ऐसपैस खोली होती.

सीपी-४०च्या हेतूंत एक कलम होतं ते ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोग्राम प्रत्यक्षात कसे वागतात याची माहिती गोळा करण्याचं. म्हणजे आभासी यंत्र जन्माला आलं ते अंशतः निरीक्षणाचं साधन म्हणून. ‘एका सर्व्हरवर दहा गिऱ्हाइकं बसवा आणि वीजबिल वाचवा’ हा व्यापारी शहाणपणा फार नंतरचा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तर याच केंद्राने आभासी यंत्राकडून सरळ सिम्युलेटरचंच काम करून घेतलं. आयबीएमच्या सिस्टिम ३७०मध्ये आभासी मेमरी येणार होती, पण ती असलेलं यंत्र अजून हाती नव्हतं. मग सीपी-४०चा वारस असलेल्या सीपी-६७मध्ये बदल करून त्याला जुन्या ३६०-६७ यंत्रावरच ३७० असल्याचं सोंग घ्यायला लावलं. हे सोंगही दुसऱ्या एका सीपी-६७ने दिलेल्या आभासी यंत्राच्या आत चालवलं. नव्या यंत्राचं सॉफ्टवेअर असं खोट्याच्या पोटातल्या खोट्यावर घडत गेलं. २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७०ची घोषणा झाली तेव्हा त्यामागे ही रंगीत तालीम होती.

१९७४मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्राचा कायदा लिहिला. त्यांचा सिद्धान्त व्यवहारी भाषेत असा: यंत्राच्या साधनसंपत्तीला हात घालणारी किंवा ‘मी कुठल्या दर्जावर चालतोय’ हे उघड करणारी प्रत्येक आज्ञा, सामान्य प्रोग्रामने उच्चारली की प्रोसेसरने थांबून मालकाला हाक मारलीच पाहिजे. एकही आज्ञा गुपचूप निसटता कामा नये. इंटेलचा एक्स८६ प्रोसेसर या कसोटीला उतरत नव्हता. पेंटियममध्ये अशा १७ निसटत्या आज्ञा होत्या, हे २०००मध्ये एका अभ्यासाने मोजून दाखवलं. ‘पॉपएफ’ ही त्यातली बदनाम आज्ञा. इंटरप्ट बंद-चालू करण्याचा अधिकार नसलेल्या प्रोग्रामने ती वापरली, तर ती ना काम करते ना तक्रार. गप्प बसते. ज्याला हाक ऐकून धावायचं आहे त्या पहारेकऱ्यासाठी याहून वाईट काही नाही.

आता पुन्हा स्टॅनफर्ड. नव्वदच्या दशकातल्या सिमओएसमध्ये एक कल्पना होती आणि पुढच्या सगळ्या सिम्युलेटरांनी ती उचलली. एका सिम्युलेटरला एकच वेग का असावा? सिमओएसमध्ये प्रोसेसरच्या तीन नकला होत्या: एक भरधाव पण ढोबळ, एक मध्यम, आणि एक अतिशय बारीक पण गोगलगाईच्या चालीची. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करण्याचा कंटाळवाणा भाग भरधाव नकलेवर उरकायचा आणि खरी गंमत जिथे सुरू होते तिथे बारीक नकलेवर उतरायचं. भरधाव नकलेचं नाव ‘एम्ब्रा’. एमेट विचेल आणि रोझेनब्लम यांनी १९९६मध्ये तिच्याविषयी लिहिलं. नकली यंत्राच्या आज्ञा एकेक करून वाचत बसण्याऐवजी एम्ब्रा त्यांच्या तुकड्यांचं चालता चालता खऱ्या यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करी आणि तयार भाषांतर पुन्हा पुन्हा वापरी. त्यामुळे तिची गती खऱ्या यंत्रापेक्षा अवघी ३ ते ९ पट कमी होती. तेव्हाच्या मानाने हा चमत्कारच.

डिस्को या सिमओएसवर वाढलं. त्यानंतर वर्षभरात, १९९८मध्ये, निबंधाचे तिन्ही लेखक डायान ग्रीन आणि एडवर्ड वाँग यांच्यासह ‘व्हीएमवेअर’ या कंपनीचे संस्थापक झाले होते. १९९९मध्ये त्यांनी जे उत्पादन बाजारात आणलं त्याने एक्स८६वर आभासी यंत्र चालवून दाखवलं. १७ निसटत्या आज्ञांचं काय केलं? अडचणीचा भाग सरळ चालू न देता त्याचं भाषांतर केलं आणि निसटत्या आज्ञेच्या जागी पहारेकऱ्याला हाक मारणारी आज्ञा बसवली. भाषांतराची ही कला एम्ब्राच्या तालमीतली. पुढे अब्जावधी डॉलरांचा झालेला हा उद्योग सिम्युलेटरच्या घरातून सासरी गेलेली लेक आहे, हे संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच ठळकपणे येतं.

लेक सासरी रमली. इतकी, की प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच तिच्यासाठी चिपमध्ये दालन बांधलं. नोव्हेंबर २००५मध्ये इंटेलने आणि २००६मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्ये आभासीकरणाची सोय दिली. ‘पाहुणा’ नावाची वेगळी अवस्थाच आता चिपला कळू लागली. मग भाषांतराची गरज उरली नाही. ऑक्टोबर २००६मध्ये क्युमरानेट या इस्रायली कंपनीतल्या अवी किविटी यांनी लिनक्ससाठी ‘केव्हीएम’ जाहीर केलं आणि फेब्रुवारी २००७च्या २.६.२० आवृत्तीत ते दाखलही झालं. त्याची युक्ती साधी होती. वेगळा पहारेकरी लिहायचाच नाही. लिनक्सलाच पहारेकरी करायचं आणि आभासी यंत्र हाताळायला एक फाइल उघडी ठेवायची: ‘डेव्ह’ या निर्देशिकेतली ‘केव्हीएम’. कुठलाही साधा प्रोग्राम ती फाइल उघडून लिनक्सला सांगू शकतो, की मला एक यंत्र दे, त्यात एक प्रोसेसर घाल, ही माझी मेमरी त्याची समज आणि आता चालव.

‘कुठलाही साधा प्रोग्राम’ या शब्दांत सिम्युलेटरही बसतो, हे ध्यानात यायला पाच-सहा वर्षं गेली.

दरम्यान सिम्युलेटरांच्या जगात एक लग्न लागलं होतं. मिशिगन विद्यापीठाचा ‘एम५’ आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाचा ‘जेम्स’ एकत्र येऊन २०११मध्ये ‘जेम५’ झाला. एम५कडे प्रोसेसरच्या चांगल्या नकला होत्या, जेम्सकडे कॅश आणि मेमरीच्या. जेम्स तोवर ‘सिमिक्स’ या परवान्याच्या, व्यापारी सिम्युलेटरवर टेकून होता. लग्नानंतर ती गरज संपली. सगळं खुलं आणि फुकट असल्याने जेम५ जगभरच्या विद्यापीठांत आणि चिप कंपन्यांत पसरला. त्यात यंत्र जुळवायचं ते पायथनमध्ये, मेकॅनोच्या तुकड्यांसारखं: हा प्रोसेसर, हा कॅश, ही मेमरी, ही त्यांना जोडणारी वाट. प्रोसेसरच्या नकलाही उतरंडीने: ‘अ‍ॅटॉमिक’ सगळ्यांत ढोबळ, ‘टायमिंग’ त्याहून काटेकोर, ‘ओ३’ सगळ्यांत सविस्तर आणि सगळ्यांत संथ. पण त्यातली सर्वांत चपळ नक्कलही खऱ्या यंत्राच्या शेकडो पट मागेच. एम्ब्रासारखं काही जेम५मध्ये नव्हतं.

२०१३च्या एप्रिलमध्ये आन्द्रेयास सँडबर्ग यांनी जेम५मध्ये केव्हीएम बसवलं. ते स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात डॉक्टरेटचं काम करत होते. केव्हीएम बसलं ते आधी आर्म प्रोसेसरसाठी आणि त्याच वर्षी पुढे एक्स८६साठी. दिसायला हा प्रोसेसर जेम५च्या इतर नकलांसारखाच एक तुकडा. आत मात्र नक्कल नाहीच. जेम५ आपली मेमरी केव्हीएमच्या हवाली करतो आणि पाहुणा प्रोग्राम प्रत्यक्ष प्रोसेसरवर धावू लागतो. पाहुण्याने नकली डिस्कला किंवा नकली टर्मिनलला हात लावला, की प्रोसेसर थांबतो, जेम५ ते काम आपल्या पद्धतीने करून देतो आणि पाहुणा पुन्हा धावू लागतो. पोपेक-गोल्डबर्गचा कायदा, सिमओएसची वेग बदलण्याची कल्पना आणि किविटींची फाइल, सगळं एका तुकड्यात.

जुळवणीच्या पायथनमध्ये दोन गोष्टी मांडाव्या लागतात. एक, ‘केव्हीएम व्हीएम’ नावाचं सामाईक यंत्र, कारण एका मेमरीत नांदणाऱ्या सगळ्या प्रोसेसरांचं आभासी यंत्र एकच असायला हवं. दुसरी गोष्ट, नंतर ज्यावर उडी मारायची तो सविस्तर प्रोसेसर आधीपासून बाजूला उभा करून ठेवणं. पाहुण्या प्रोग्रामने ठरलेल्या जागी ‘आलो’ असा इशारा दिला, की जेम५ एका प्रोसेसरची सगळी रजिस्टरं दुसऱ्यात ओततो आणि हिशेब सुरू होतो. अनेक गाभ्यांचं यंत्र असेल तर प्रत्येक गाभ्याला घटनांची वेगळी रांगही द्यावी लागते. नाहीतर सगळे एकाच दाराशी तिष्ठत राहतात आणि केव्हीएमचा फायदा हरवतो.

याच जुळवणीत नवशिके ठेचाळतात आणि तेही सहसा प्रोसेसरशी काही संबंध नसलेल्या कारणांनी. ‘डेव्ह’मधल्या त्या ‘केव्हीएम’ फाइलला हात लावायची परवानगीच नसते, कारण वापरणाऱ्याचं नाव ‘केव्हीएम’ गटात घातलेलं नसतं. ती मिळाली तर पुढचा अडथळा मोजणीचा. पाहुण्याने किती आज्ञा उरकल्या हे जेम५ला प्रोसेसरमधल्या मोजणी-यंत्रांकडून कळतं आणि लिनक्स ती सहजासहजी दाखवत नाही. त्याचा खटका ज्या नावाने आहे त्यात ‘पॅरानॉइड’ हा शब्दच आहे, म्हणजे शंकेखोर. ही शंका १वर किंवा त्याखाली आणावी लागते. अनेक लिनक्स वितरणं ती मुळात त्याहून वर ठेवून देतात, म्हणून पुष्कळांचा पहिला दिवस इथेच जातो.

खरी गोम त्याहून खोल आहे. सिम्युलेटरमधला वेळ सिम्युलेटरने ठरवलेला असतो. केव्हीएमवर धावणारा पाहुणा मात्र खऱ्या वेळेत जगतो. या दोन घड्याळांची सांगड जेम५ अंदाजाने घालतो आणि म्हणून केव्हीएमच्या टप्प्यात मिळालेले वेळेचे आकडे निबंधात छापायच्या लायकीचे नसतात. अवस्था एकीकडून दुसरीकडे ओततानाही सांडलवंड होते. एक्स८६च्या जुन्या अपूर्णांक-गणिताची रजिस्टरं ८० बिटांची, जेम५मध्ये मात्र त्यांना ६४च बिटांची जागा. तेवढी अचूकता वाटेत गळते.

सगळ्यांत चिवट प्रश्न कॅशचा. पाहुणा खऱ्या प्रोसेसरवर धावत असताना जेम५चे नकली कॅश रिकामेच राहतात. सविस्तर नकलेवर उतरल्याबरोबर मोजायला सुरुवात केली, तर आकडे वाईट येणार आणि ते खोटेही असणार. थंड तव्यावरच्या पहिल्या भाकरीवरून कुणी तवा जोखत नाही. तवा आधी तापवायला हवा, पण किती? सँडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावर दिलेलं उत्तर फार आवडण्यासारखं आहे. एकच तुकडा दोनदा मोजायचा. एकदा असं धरून, की ज्याविषयी खात्री नाही ती माहिती कॅशमध्ये होतीच, आणि एकदा असं धरून, की ती नव्हतीच. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये. टोकं जवळ असतील तर तवा तापलाय, लांब असतील तर अजून तापवा. चूक लपवण्याऐवजी तिची रुंदी मोजणारं हे काम आहे.

त्यांचे आकडे असे: केव्हीएमवरची दौड खऱ्या यंत्राच्या सरासरी ९० टक्के वेगाने. अधूनमधून नमुन्याचे तुकडे समांतर चालणाऱ्या सविस्तर नकलांवर मोजून काढलेल्या निष्कर्षात सरासरी चूक २.२ टक्के आणि तरीही एकूण वेग खऱ्या यंत्राच्या ६३ टक्के. आठ गाभे कामाला लावले, तर सविस्तर नकलेपेक्षा १९,००० पटींपर्यंत जलद. जिथे महिना जायचा तिथे आता चहा निवत नाही.

या सोयीला एक अट मात्र आहे. पाहुणा आणि यजमान एकाच जातकुळीचे हवेत. एक्स८६च्या यंत्रावर एक्स८६च धावणार, आर्मवर आर्म. रिस्क-५च्या नव्या प्रोसेसरची आखणी करणारा विद्यार्थी इंटेलच्या लॅपटॉपवर बसला असेल, तर केव्हीएम त्याच्या कामाचं नाही. त्याने अ‍ॅटॉमिक नकलेवर पायीच जायचं.

आणि ज्याच्याकडे स्वतःचं यंत्रच नाही, भाड्याचं क्लाउडमधलं आहे, त्याने आधी एक गोष्ट तपासावी. भाड्याचं यंत्र हे स्वतःच आभासी असतं, त्यामुळे त्याच्या आत जेम५ला आणखी एक आभासी यंत्र उभं करायचं तर पुरवठादाराने आभासी यंत्राच्या पोटात आभासी यंत्र चालवायची मुभा दिलेली असावी लागते. आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात ३७०चं सोंग चाललं होतं तशीच ही रचना. ती मुभा बंद असेल, तर ‘डेव्ह’ निर्देशिकेत ‘केव्हीएम’ ही फाइल दिसतच नाही.